सिंधूने हरवलेली ती चिनी मुलगी, तिचं पुढे काय झालं?

मागच्या अंकात सिंधूच्या २०१२ च्या चांगझोच्या मॅचवर चार ओळी लिहिल्या होत्या. सतरा वर्षांची सिंधू, समोर ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन जेमतेम सहा आठवडे झालेली चिनी खेळाडू, आणि सिंधू जिंकली, बस एवढंच. मला वाटलं आता सिंधूवर पत्रांचा पाऊस पडणार. झालं उलटंच. निम्म्याहून जास्त लोकांनी विचारलंय की ताई ती हरलेली कोण होती, आणि नंतर एकदम कुठे गायब झाली. म्हणून या वेळचं सदर अख्खं ली श्वेरुईवर. ज्यांना फक्त सायना-सिंधू हव्या असतात त्यांनी पान उलटू नका, त्या दोघी मधेमधे येतातच.

ताई, आधी नाव तर नीट सांगा. आमच्या पेपरात झुएरुई छापतात, टीव्हीवर झूरेई म्हणतात, तुम्ही श्वेरुई लिहिता. आणि त्या वेळी चीनच्या टीममध्ये वांग, वांग आणि अजून एक वांग होती, त्या बहिणी होत्या का? – एक वाचक, सांगली

नाही हो, बहिणी कसल्या! वांग हे तिकडे आपल्या पाटलांसारखं आहे, गल्लीत दगड मारला तर एखाद्या वांगला लागणार. वांग यिहान, वांग शिन, वांग शिशियान, तिघींचं एकमेकींशी नातं काही नाही, फक्त तिघी एकाच वेळी जगातल्या पहिल्या पाचात-सहात होत्या म्हणून आपला गोंधळ. चीनमध्ये आडनाव आधी येतं, शाळेच्या कॅटलॉगमध्ये आपलं यायचं तसं. म्हणजे ली हे हिचं आडनाव आणि श्वेरुई नाव. 'श्वे' म्हणजे बर्फ. रोमन लिपीत त्याची सुरुवात एक्स या अक्षराने होते आणि आपण एक्स दिसला की झ करतो, तिथून सगळी गडबड. तंतोतंत चिनी उच्चार मलाही जमत नाही, पण श्वेरुई म्हटलंत तर ती निदान मागे वळून बघेल.

ही एकदम २०१२ मध्येच कुठून उगवली? त्याआधी आम्ही तर नावच ऐकलं नव्हतं. – एक जुने बॅडमिंटनप्रेमी, कोल्हापूर

काका, ऐकलं असणार, लक्षात राहिलं नसेल. २०१० ची आशियाई चॅम्पियनशिप दिल्लीत झाली, सिरी फोर्टला, आठवतंय का? सायनाला तिथे ब्रॉन्झ मिळालं आणि आपण त्यातच खूश होतो. ती स्पर्धा जिंकली कोणी? हीच. एकोणीस वर्षांची होती. चोंगचिंगची पोरगी, म्हणजे ते यांगत्सेच्या काठावरचं डोंगर-उताराचं शहर, जिथलं हॉटपॉट खाऊन माणसाच्या कानातून धूर निघतो म्हणतात. जन्म २४ जानेवारी १९९१ चा.

पण चीनमध्ये तेव्हा आशियाई चॅम्पियन असणं म्हणजे काय होतं हे समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडे सायना एकटी होती. तिच्यामागे सगळा देश, तिचा गुडघा दुखला तर बातमी. तिकडे रांग होती. वांग यिहान २०११ ची वर्ल्ड चॅम्पियन, वांग शिन, वांग शिशियान, शिवाय ज्यांग यान्ज्याव. या सगळ्या तिच्या पुढे उभ्या. एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेला जसं सगळ्यांचं जेवण झाल्यावर ताट मिळतं तसं हिचं चाललेलं.

आता लंडन ऑलिम्पिकचा नियम ऐका. एका देशाच्या तीन मुली तेव्हाच जाऊ शकत होत्या जेव्हा तिघी जगातल्या पहिल्या चारात असतील. आणि हिशोब लागणार होता मे २०१२ च्या सुरुवातीच्या रँकिंगवर. वर्ष सुरू झालं तेव्हा हिचं नाव त्या तिघींत कोणी धरत नव्हतं. मग हिने काय केलं तर जर्मन ओपन जिंकली, ऑल इंग्लंड जिंकली (फायनलला वांग यिहानलाच २१-१३, २१-१९), आशियाई चॅम्पियनशिप परत जिंकली, आणि अगदी शेवटच्या क्षणी, एप्रिलच्या शेवटी, इंडिया ओपन जिंकली. कुठे? परत दिल्ली. फायनलला जर्मनीची युलियान शेंक होती, पहिला गेम १४-२१ गेला होता हिचा आणि तिथून तिने मॅच फिरवली. म्हणजे लंडनचं तिचं तिकीट एका अर्थाने दिल्लीत फाडलं गेलं, आपल्या डोळ्यांसमोर, आणि आपण त्या आठवड्यात आयपीएल बघत होतो.

वांग शिशियान राहिली घरी. ती आशियाई गेम्सची गोल्ड मेडलिस्ट होती हो, २०१० ची. २०१६ लाही तिचा नंबर लागला नाही. इतकी मोठी खेळाडू आणि आयुष्यात एकदाही ऑलिम्पिक खेळली नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट तिचं वाटतं, पण ते जाऊ द्या, प्रश्न तिच्यावर नाहीये.

लंडनची फायनल दोन चिनी मुलींची होती. मग वरूनच ठरलेलं नसेल कशावरून? त्याच ऑलिम्पिकमध्ये डबल्सवाल्या मुद्दाम हरत होत्या ते सगळ्या जगाने पाहिलं. – एक वाचक, डोंबिवली

संशय घेण्यात तुमची चूक नाही. चीनच्या टीमचा इतिहासच तसा आहे. अथेन्सला २००४ मध्ये सेमीला झांग निंग आणि झोऊ मी समोरासमोर होत्या, तेव्हा झोऊ मीला जोर लावू नको असं सांगितलं होतं हे त्यांचे हेड कोच ली योंगबो यांनी नंतर स्वतः टीव्हीवर कबूल केलं, आणि तेही लाज वाटून नाही तर बघा कसं डोकं लावलं अशा थाटात. सिडनीच्या २००० च्या सेमीबद्दल ये झाओयिंगने २०२२ मध्ये उघड सांगितलं की मला हरायला सांगितलं होतं. आणि लंडनचं डबल्सचं तुम्ही म्हणता ते तर खरंच, चार जोड्या काढून टाकल्या, चीनची एक, इंडोनेशियाची एक, कोरियाच्या दोन.

पण ४ ऑगस्ट २०१२ ची वेम्बली अरेनातली ती फायनल मी दोनदा पूर्ण बघितलीय. २१-१५, २१-२३, २१-१७. ठरवून खेळलेली मॅच दुसऱ्या गेममध्ये २१-२३ पर्यंत कशाला खेचतील? आणि ठरवायचंच असतं तर वांग यिहानला जिंकवलं असतं ना, जगात नंबर वन ती होती, वर्ल्ड चॅम्पियन ती होती, ली तर शेवटच्या डब्यात चढलेली. सेमीला हिने वांग शिनला २२-२०, २१-१८ असं हरवलं तेही काही आयतं वाटत नाही. पुरावा माझ्याकडे दोन्ही बाजूंनी नाही, डोळ्यांना जे दिसलं ते सांगते.

आणि हो, त्याच दिवशी आपल्या सायनाचं ब्रॉन्झ. वांग शिन पहिला गेम २१-१८ जिंकली होती, दुसऱ्यात १-० वर होती, आणि गुडघा धरून खाली बसली. आपण फटाके लावले. गुडघा ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

सतरा वर्षांच्या सिंधूकडून हरली, वर्ल्ड चॅम्पियनशिप एकदाही जिंकली नाही, म्हणजे लंडनचं गोल्ड हा तुक्का होता असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. आमच्या घरात यावरून रोज वाद होतोय. – एक वडील, सातारा

मुलाला सांगा तुक्का लागतो तो एका आठवड्यात लागतो. ही २०१२ च्या शेवटी नंबर वन झाली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये सायना पहिल्यांदा नंबर वन झाली ती हिलाच खाली ढकलून. मधली दोन वर्षं आणि वर काही महिने. सुपर सिरीज, म्हणजे तेव्हाची वरच्या दर्जाच्या स्पर्धांची मालिका, तिची वर्षाअखेरीची फायनल, जिथे फक्त टॉपच्या आठच खेळतात, ती २०१२ ला जिंकली आणि २०१३ लाही. २०१२ च्या त्या वसंतात लागोपाठ तीस मॅच जिंकली होती. तीस! मोडली कोणी ती साखळी? सायनाने. जकार्ताची फायनल, जून २०१२, १३-२१, २२-२०, २१-१९. सायना आदल्याच आठवड्यात थायलंड जिंकून आलेली, पाय जड झालेले, पहिला गेम साफ गेला, दुसऱ्यात ली वीसवर पोचली होती आणि तिथून सायनाने तो गेम ओढला. म्हणजे आपली पोरगी किती मोठी होती हे कळायचं तर समोरची किती मोठी होती हे आधी मान्य करायला पाहिजे ना, तिला तुक्का म्हटलं की सायनाचं ते टायटलही स्वस्त होतं.

सिंधूचं म्हणाल तर चांगझोला २१-१९, ९-२१, २१-१६. मधला गेम बघा, नऊ. लीने त्या गेममध्ये तिला कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत पळवून अक्षरशः दमवली होती, आणि तरी तिसऱ्या गेममध्ये सिंधू परत उभी राहिली, तिथे आम्हाला कळलं की ही वेगळी आहे. २०१५ ला जकार्तात वर्ल्ड चॅम्पियनशिपला परत तीन गेममध्ये सिंधूच जिंकली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरला डेन्मार्क ओपनची फायनल, सिंधूची पहिलीवहिली सुपर सिरीज फायनल, तिथे लीने २१-१९, २१-१२ ने हिशोब चुकता केला. आणि पुढच्याच महिन्यात चायना ओपनच्या फायनलला सायनाला २१-१२, २१-१५. आपल्याकडे याद्या बनतात त्यात फक्त जिंकलेल्या मॅच असतात, हे माझं जुनं दुखणं आहे.

आता वर्ल्ड चॅम्पियनशिप. इथे तुमच्या मुलाला एक पॉइंट देते. २०१३, ग्वांगझो, घरचं कोर्ट, घरची पब्लिक, फायनलला समोर थायलंडची रत्चनोक इंतानोन, वय अठरा. ली हरली, २०-२२, २१-१८, १४-२१. (याच स्पर्धेत सिंधूने वांग यिहान आणि वांग शिशियान दोघींना घरी पाठवून भारताचं महिला सिंगल्समधलं पहिलं वर्ल्ड मेडल आणलं होतं, चिनी लोकांना तो आठवडा कसा गेला असेल बघा.) २०१४, कोपनहेगन, फायनलला स्पेनची कॅरोलिना मारिन, जिचं नाव तोवर फार कोणाला माहीत नव्हतं. ली पहिला गेम जिंकली आणि मग २१-१७, २१-१८ असे दोन्ही गेले. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई गेम्सला फायनलला वांग यिहानविरुद्ध पहिला गेम २१-११ असा उडवला आणि शेवटचा ७-२१ ने हरली. ही तिची दुखरी जागा होती. पुढे असताना ती सुंदर खेळायची, पण समोरची एकदा चिकटून बसली, रॅली लांबवायला लागली, आवाज करायला लागली की हिच्या खेळातली हवा कमी व्हायची. मारिन तर प्रत्येक पॉइंटला किंचाळायची, माहितीच आहे.

खेळ मात्र काय होता! उंच, खांदे सैल, मागच्या कोपऱ्यातून डोक्यावरून असा हात फिरवायची की समोरच्या मुलीला वाटायचं स्मॅश येतोय, ती मागे टाचांवर जायची, आणि फूल, म्हणजे शटल, नेटला घासून पुढे पडायचं. क्रॉस ड्रॉप. आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एकीने तो शॉट सहा महिने घोटला, अजूनही तिचं फूल नेटमध्येच जातं.

ताई, प्रश्न लीवर नाही, माझ्या मुलीवर आहे. पंधरा वर्षांची आहे, जिल्ह्याला खेळते. मागच्या महिन्यात उडी मारून उतरताना गुडघा फिरला, एमआरआयमध्ये एसीएल फाटलंय असं आलं. डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. ही म्हणते चार महिन्यांनी टुर्नामेंट आहे, तोपर्यंत बरी होईन. रात्री रडते. तुम्ही तुमच्या लेखात गुडघ्यावरून काहीतरी म्हणाला होतात म्हणून लिहिलं. – एक आई, नाशिक

अहो, आधी तिला माझ्याकडून जवळ घ्या. आणि प्रश्न लीवर नाही म्हणता, पण तो तिच्यावरच आहे.

१८ ऑगस्ट २०१६. राखीपौर्णिमा होती, आमच्याकडे नारळीभात झाला होता आणि सगळे टीव्हीसमोर, कारण सिंधूची रिओ ऑलिम्पिकची सेमी जपानच्या ओकुहाराशी. त्याच दिवशी दुसरी सेमी होती मारिन विरुद्ध ली श्वेरुई. पहिला गेम ली १४-२१ हरली. दुसऱ्या गेममध्ये तिचा गुडघा गेला. ती उठली. मॅच सोडली नाही, लंगडत खेळली, १६-२१. ब्रॉन्झच्या मॅचला मात्र उतरताच आलं नाही, ते मेडल ओकुहाराला न खेळता मिळालं. वांग यिहानला तर क्वार्टरला सिंधूनेच हरवलं होतं. सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन असे लागोपाठ चार गोल्ड घेणाऱ्या चीनला रिओत महिला सिंगल्सचं एकही मेडल नाही. चार वर्षांपूर्वी जिच्या गुडघ्यामुळे आपल्याला ब्रॉन्झ मिळालं ती वांग शिन, आणि आता ही.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरकी बांधलेली एक दोरी समजा, खालचं हाड पुढे घसरू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये म्हणून. बॅडमिंटनमध्ये ती बऱ्याचदा कशी जाते सांगते, म्हणजे तुमच्या मुलीला कळेल की तिने काही मूर्खपणा केलेला नाही. उजव्या हाताने खेळणारी मुलगी डाव्या मागच्या कोपऱ्यात जाते, डोक्यावरून फूल मारते आणि उतरताना सगळं वजन एकट्या डाव्या पायावर येतं, पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग मात्र पुढे पळायला वळलेलं. कट असा आवाज येतो. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त होतं हे डॉक्टरही सांगतात.

मला माहितीये तो आवाज. माझं दहा-बारा वर्षांपूर्वी झालं, ज्या हॉलमध्ये खेळायचो त्याचं नाव घेत नाही, पण छत गळायचं आणि मागच्या लाइनवर कायम एक ओला डाग असायचा, आम्ही त्यावर पोतं टाकून खेळायचो. शहाणपणच! ऑपरेशननंतर दीड महिन्यात मांडीचं पार चिपाड झालं होतं, दोन्ही मांड्यांना टेप लावून मोजायचे फिजिओ आणि मी तिकडे बघायचे नाही. पडून पाय सरळ वर उचलायचा, दहा मोजायचं, खाली. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं. मग एकच पायरी चढायची-उतरायची, चढायची-उतरायची. मांडी घालून जेवायला बसले त्या दिवशी घरात सणासारखं वाटलं होतं. मी तर हौशी बाई, मला कुठे काय जिंकायचं होतं.

पण दुखणं संपल्यावर खरी अडचण सुरू होते. पाय बरा असतो आणि तुमचा त्याच्यावर विश्वास नसतो. मागच्या कोपऱ्यात फूल गेलं की डोकं म्हणतं सोड, पॉइंट जाऊ दे. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

तर लीने काय केलं. तिला लागले सुमारे सहाशे दिवस. एप्रिल २०१८, हायनान बेटावर लिंगशुईची चायना मास्टर्स, सुपर १०० लेव्हलची, म्हणजे वर्ल्ड टूरच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी. जिच्या घरी ऑलिम्पिकचं गोल्ड आहे ती तिथे उतरली, कारण रँकिंग मागच्या बावन्न आठवड्यांचं धरतात आणि हिच्या खात्यात काहीच उरलेलं नव्हतं. आणि ती स्पर्धा जिंकली.

सायनाचा गुडघाही रिओतच गेला होता, आठवत असेल. तिचं ऑपरेशन मुंबईत झालं, ती नोव्हेंबरमध्ये परत खेळली आणि जानेवारी २०१७ ला मलेशियात टायटल घेतलं. तुमची लेक हे वाचून म्हणेल बघ आई, सायना तीन महिन्यांत आली! तर तिला सांगा गुडघा-गुडघ्यात फरक असतो, सगळी ऑपरेशनं सारखी नसतात. पूर्ण फाटलेल्या एसीएलला सहसा नऊ महिने ते वर्ष धरतात, आणि तिचं वय बघता डॉक्टर आणखी थांबा म्हणाले तर थांबा. घाई केलेल्यांचा तोच गुडघा परत जातो. मारिनचंच बघा, २०१९ ला एक, २०२१ ला दुसरा, आणि २०२४ ला पॅरिसच्या सेमीत जिंकता जिंकता परत. समोर चीनची हे बिंगज्याव ('हे' तिचं आडनाव) होती, तिने नंतर मेडल घेताना हातात स्पेनचा बिल्ला धरला होता. तो फोटो मुलीला दाखवा. चार महिन्यांची टुर्नामेंट सोडा, पुढच्या वर्षीचीही आत्ता मोजू नका. आणि ऑपरेशनआधीच मांडीचे व्यायाम सुरू करता येतील का ते डॉक्टरांना नक्की विचारा, बऱ्याचदा सांगतात ते. मला परत लिहा, सदरात छापणार नाही, तुम्हालाच उत्तर देईन.

चिनी खेळाडूंचं कौतुक करायला आपल्याकडे खेळाडू कमी आहेत काय? – एक वाचक, पुणे

पुण्याहून हे पत्र दर अंकाला येतं, फक्त देश बदलतो. अहो, पुण्यात इंग्रजांनी या खेळाचे नियम बांधले, खेळाचं एक जुनं नावच पूना होतं. २००८ ला तुमच्या बालेवाडीत सायना ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली. खेळाचं माहेर असलेल्या गावाने पाहुणीला दोन पानं द्यायला कुरकुर करू नये.

आम्ही २०१८ च्या जूनमध्ये फुलर्टनला यूएस ओपन बघायला गेलो होतो, युनिव्हर्सिटीची जिम, फोल्डिंग बाकं, मुलांनी घरून पोहे डब्यात घेतलेले. तिथे ही खेळत होती. माझा नवरा मानायलाच तयार नाही की ही तीच ऑलिम्पिकवाली. तीच होती ना? – एक वाचक, कॅलिफोर्निया

तीच! तुमच्या नवऱ्याला सांगा पोहे खात त्याने ऑलिम्पिक चॅम्पियन बघितली. फायनलला झांग बेइवेन होती ना, अमेरिकेकडून खेळणारी? त्याच वर्षी दिल्लीत इंडिया ओपनच्या फायनलला सिंधूला हरवणारी तीच. तिला हरवून लीने ती स्पर्धा घेतली, आणि वर्षाअखेरीला कोरिया मास्टर्सही.

तुमच्या पत्राने मला हेवा वाटला खरं सांगते. मोठ्या स्पर्धांमध्ये असे खेळाडू टीव्हीवरच दिसतात, आणि टीव्हीवर वेग कळत नाही. तुम्ही दहा फुटांवरून बघितलं असेल ते काय असेल! पण वरच्या लेव्हलला मात्र तिला आता जमेना. सत्तावीस-अठ्ठावीस वय, घरातच चेन युफेई आणि हे बिंगज्याव पुढे निघालेल्या, आणि आता देशाच्या दोघींनाच ऑलिम्पिकला जाता येतं, तीनचा जमाना लंडनबरोबर संपला. म्हणजे २०१२ ला ती ज्या रांगेच्या शेवटी उभी होती, त्याच रांगेत परत शेवटी, फक्त या वेळी पुढे पोरी तिच्याहून लहान. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने थांबत असल्याचं सांगितलं. चेन युफेई टोकियोला गोल्ड घेऊन आली, चीनचं महिला सिंगल्सचं गोल्ड परत मिळालं ते तेव्हा, लंडननंतर नऊ वर्षांनी.

एकच मॅच बघायची तर कुठली बघू? वेळ कमी असतो. – एक कॉलेजकन्या, रत्नागिरी

लंडनची फायनल सगळे सांगतील. तू २०१३ ची ग्वांगझोची बघ, रत्चनोकबरोबरची, ली हरली ती. दोघींचा हात सारखा मऊ, दोघी फूल मारत नाहीत, ठेवतात. दुसऱ्या गेमपासून लाव, आवाज बंद करून, आणि फुलाकडे नको, लीच्या पायांकडे बघ. तिसऱ्या गेमच्या मध्यावर ते पाय अर्ध्या पावलाने उशिरा पोचायला लागतात, तेवढंच दिसेल.